रक्त पोचत नाही की परतत नाही? हातापायांच्या रक्ताभिसरणाची तपासणी आणि निगा, क्रमाने

पाय गार पडतात, मुंग्या येतात, संध्याकाळी जड होतात. या तिन्ही तक्रारींना सरसकट ‘रक्ताभिसरण कमी आहे’ असे नाव मिळते आणि उपायही सरसकट सुरू होतात: गरम पिशवीने शेक, जोरात मालिश, पायाखाली दोन उशा, घट्ट मोजे. यातला प्रत्येक उपाय एखाद्या तक्रारीत उपयोगाचा असतो आणि दुसरीत घातक ठरतो. पाय वर उचलून ठेवल्याने शिरांमध्ये साचलेले रक्त उतरते, पण धमनी अरुंद झालेल्या पायाला मिळणारे थोडेसे रक्तही त्यामुळे कमी होते. घट्ट मोज्याने एकाची सूज ओसरते, तर दुसऱ्याच्या घोट्यावर जखम होते.

म्हणून उपायाच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. हृदयाकडून येणारे रक्त पोचत नाही, की पोचलेले रक्त वर परतत नाही? की रक्त ठीक आहे आणि बिघाड मज्जातंतूत आहे? आपण ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे गोंधळ बोलण्यातच सुरू होतो. डॉक्टरांना ‘नस दबली आहे’ असे सांगू नका. काय होते, कुठे होते, केव्हा होते आणि कशाने थांबते ते सांगा.

टप्पा ० : पुढे वाचण्याआधी

खालीलपैकी काही असेल तर घरची तपासणी करत बसू नका.

अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत, एक हात किंवा पाय दुखू लागला, पांढराफटक आणि थंड पडला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. रक्त पूर्ण थांबले तर साधारण सहा तासांत स्नायू आणि मज्जातंतूंचे कायमचे नुकसान सुरू होते. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. वाटेत शेकू नका, चोळू नका, पाय उंच करू नका. पाय सरळ, उबदार कपड्यात सैल गुंडाळलेला आणि हृदयाच्या पातळीपेक्षा थोडा खाली असू द्या.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, कातडी गरम किंवा लालसर आहे, तर खोलवरच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्या. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, प्लॅस्टर, बाळंतपण किंवा कर्करोगाचे उपचार नुकतेच झाले असतील तर शंका आणखी बळावते. त्याच दिवशी तपासणी हवी. सोबत दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा थेट आपत्कालीन विभाग गाठा.

> इशारा : एका पायाची सूज मालिश करून ‘मोकळी’ करू नका. गुठळी सुटून वर सरकण्याचा धोका असतो.

पायाचे बोट काळे पडणे, जखमेतून पू येणे किंवा पायावर लाली पसरत जाणे, यासाठीही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

टप्पा १ : आठ दिवसांची नोंद

एका भेटीत डॉक्टरांना पाय पाच मिनिटे दिसतो, तुम्हाला दिवसभर दिसतो. ती माहिती कागदावर आणा. एक वही, सेकंदकाटा असलेले घड्याळ, शिवणकामाची टेप आणि तळवा पाहायला छोटा आरसा एवढे पुरते.

रोज चार गोष्टी लिहा. दुखणे किंवा मुंग्या केव्हा सुरू झाल्या: चालताना, उभे राहून, बसून की झोपेत? नेमके कुठे: पोटरी, मांडी, तळवा की बोटे? कशाने थांबले आणि किती मिनिटांत? आणि दोन्ही घोट्यांचा घेर, सकाळी उठल्या उठल्या व संध्याकाळी, हाडाच्या फुगवट्याच्या जरा वर, रोज त्याच जागी मोजलेला. जागा चुकू नये म्हणून जमिनीपासूनची उंची एकदा मोजून लिहून ठेवा.

औषधांची पूर्ण यादीही करा. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी घोटे सुजू शकतात. रक्तदाब व हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी बोटे गार पडू शकतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी १२ कमी होऊन मुंग्या येऊ शकतात. सर्दीच्या काही गोळ्यांमधले स्यूडोएफेड्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. गोळी मनाने बंद करू नका, फक्त यादी दाखवा. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर तीही लिहा, ओढण्याची, चघळण्याची आणि इलेक्ट्रॉनिकसुद्धा. संकोचाने ही एक ओळ गाळली जाते आणि निदान भरकटते.

टप्पा २ : तक्रार कोणत्या गटातली?

*रक्त पोचत नाही (धमनीचा अडथळा).* ठरावीक अंतर चालले की पोटरीत, कधी मांडीत किंवा कुल्ल्यात, आवळल्यासारखे दुखते. उभे राहिले की काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, थांबते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा दुखते. अंतराचा हा नेमकेपणा मोठी खूण आहे. आजार पुढे सरकला की रात्री आडवे झाल्यावर बोटे आणि चवडा दुखतो, आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरे वाटते. कातडी गुळगुळीत व चमकदार होते, नडगीवरचे केस गळतात, नखे जाड होतात, बोटांच्या टोकांच्या जखमा भरत नाहीत.

*रक्त परतत नाही (शिरांच्या झडपांचा बिघाड).* दुखण्यापेक्षा जडपणा जास्त. उभे राहून वाढतो, चालल्याने किंवा पाय वर केल्याने कमी होतो. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उमटतो. शिरा फुगलेल्या, वेड्यावाकड्या दिसतात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग, खाज, कडक झालेली कातडी आणि शेवटी तिथेच ओली जखम. पाय बहुधा गार नसतो.

*रक्तवाहिनी आवळते.* थंडीने किंवा ताणाने हातापायांची बोटे पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात. रंग बदललेल्या आणि न बदललेल्या कातडीची सीमा स्पष्ट दिसते. हा रेनॉडचा प्रकार, टप्पा ७ पाहा.

*रक्त ठीक, मज्जातंतू बिघडलेले.* तळव्यांची आग, टोचल्यासारखे, कापसावर चालल्यासारखे वाटणे, दोन्ही पायांत सारखे, रात्री जास्त. मधुमेहात हे वारंवार दिसते आणि असा पाय हाताला उबदारही लागू शकतो. कंबरेच्या मणक्यात जागा अरुंद झाली तरी चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर बहुधा मनगटातला मज्जातंतू दबलेला असतो.

> तपासा : दोन गटांची लक्षणे एकत्र दिसली तर एक निवडण्याचा हट्ट धरू नका. मधुमेहात धमनी आणि मज्जातंतू दोन्ही बिघडलेले असणे नेहमीचे आहे, आणि तोच सर्वांत फसवा पाय. दुखायला हवे तिथे तो दुखतच नाही.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि औषधे यांचा विचार आधी व्हावा. नुसते हातपाय गार, बाकी काही नाही, अशा वेळी रक्तक्षय आणि थायरॉइड तपासून घेणे शहाणपणाचे.

टप्पा ३ : घरची तपासणी

उबदार खोलीत, मोजे काढून, दहा मिनिटे उताणे पडून राहिल्यावर सुरुवात करा. थंड खोलीत किंवा बाहेरून आल्या आल्या केलेली तपासणी दिशाभूल करते. एक मदतनीस असला तर सोपे जाते.

१. पाहा. दोन्ही पाय शेजारी ठेवून रंग, केस, नखे, बोटांमधल्या फटी, टाचेच्या भेगा पाहा. तळवा आरशात पाहा. फरक दोन पायांमध्ये शोधायचा आहे.

२. हात लावा. हाताची मागची बाजू मांडीपासून बोटांपर्यंत फिरवा. दोन्ही पाय बोटांकडे हळूहळू गार होत जाणे बहुधा स्वाभाविक आहे. एकच पाय गार, किंवा एका ठिकाणी एकदम गार, हे तसे नाही.

३. नाडी शोधा. पहिली जागा पायाच्या वरच्या बाजूला, मधोमध: अंगठा वर उचलल्यावर जी दोरी ताठ दिसते तिच्या बाहेरच्या बाजूला. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे, जरा खाली. दोन बोटे हलकी ठेवा आणि दहा सेकंद थांबा. जोराने दाबले की नाडीच बंद होते, ही सगळ्यात सामान्य चूक. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. शंका आली तर रुग्णाच्या मनगटाची नाडी दुसऱ्या हाताने धरा. दोन्ही ठोके एकत्र पडले तर ती पायाचीच.

काही निरोगी माणसांत वरची नाडी जन्मतःच लागत नाही, त्यामुळे ती एकटी सापडली नाही म्हणून घाबरायला नको. घोट्यामागची सापडत नसेल तर मात्र डॉक्टरांकडे जा.

४. दाबून सोडा. पायाच्या अंगठ्याचे टोक पाच सेकंद दाबा, सोडा, गुलाबी रंग परतायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन ते तीन सेकंद ठीक. गडद कातडीवर बोटाच्या तळव्याकडची बाजू किंवा नखाखालचा भाग पाहा. याच परीक्षेवर सगळी मदार ठेवू नका, थंडीने ती सहज चुकते.

५. उचला आणि सोडा. उताणे असताना दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून एक ते दोन मिनिटे धरा, मदतनीस किंवा खुर्चीचा आधार घ्या. तळवा पांढुरका पडतो का ते पाहा. मग उठून पाय खाली सोडा. निरोगी पायाला १०–१५ सेकंदांत रंग येतो. जो उशिरा गुलाबी होतो आणि मग गडद लाल होत जातो, त्या पायाची धमनी अरुंद असण्याची शक्यता मोठी. तो लालपणा ‘रक्त छान आले’ म्हणून समाधानाने पाहिला जातो आणि तिथेच फसगत होते. उपाशी पेशींनी बारीक वाहिन्या सताड उघड्या ठेवल्यामुळे तो रंग येतो.

६. घेर मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचे जे टोक हाताला लागते, तिथून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. एक पाय ३ सेंमीहून जास्त जाड आणि हे अलीकडचे असेल, तर टप्पा ० कडे परत जा.

> इशारा : बोटांवर जखम असेल किंवा झोपेत पाय दुखत असेल तर पाचवी पायरी गाळा. रुग्णाला त्रास होतो आणि नवीन काही कळत नाही.

घरची तपासणी सगळी ठीक आली तरी चालताना नेमके दुखणे चालूच असेल, तर पुढच्या टप्प्याला जायचेच.

टप्पा ४ : घोटा-दंड गुणांक आणि बाकी तपासण्या

धमनीच्या शंकेत पहिली तपासणी ही. दंडाचा आणि घोट्याचा वरचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. सुई नाही, रंगद्रव्य नाही, साधारण पंधरा-वीस मिनिटांचे काम.

रुग्णाने ५ ते १० मिनिटे आडवे पडायचे. दोन्ही दंडांचा दाब घ्यायचा आणि त्यातला मोठा आकडा धरायचा. घोट्याच्या वर पट्टा बांधून, डॉप्लरच्या लेखणीने (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने) पायाच्या दोन्ही नाड्यांवरचा दाब घ्यायचा आणि त्या पायाचा मोठा आकडा धरायचा. घोट्याला दंडाने भागायचे. समजा दंड १३६ आणि १४०, उजव्या पायाच्या नाड्या ९२ आणि ९८. मग ९८ भागिले १४०, म्हणजे ०.७०.

१.०० ते १.४० सामान्य. ०.९१ ते ०.९९ सीमारेषेवर. ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमनीचा आजार. ०.४० च्या खाली गंभीर. १.४० च्या वर आला तर आनंद मानू नका. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात धमन्यांच्या भिंतींत चुना साठतो, पट्ट्याने त्या दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटा वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तिथे गुणांक ०.७० किंवा कमी असेल तर आजार आहे. मधुमेहींनी घोट्याचा आकडा ‘सामान्य’ आला तरी अंगठ्याच्या मोजणीबद्दल जरूर विचारावे.

चुका ठरलेल्याच होतात. रुग्ण धापा टाकत आला आणि लगेच मोजले. बसवून मोजले, त्यामुळे घोट्याचा दाब वाढून दिसला. एकाच दंडाचा दाब घेतला. तासाभरात धूम्रपान केलेले. आराम करताना गुणांक ठीक आणि चालताना पोटरी दुखते, असे असेल तर ट्रेडमिलवर चालवून पुन्हा मोजतात.

दोन दंडांच्या दाबात १५–२० किंवा जास्त फरक वारंवार आला तर हाताच्या धमनीत अडथळा असू शकतो. हात वर करून काम करताना दंड भरून येणे ही त्याची सोबतीण तक्रार.

शिरांच्या शंकेत डॉप्लर सोनोग्राफी लागते, आणि झडपांसाठी ती उभे करून व्हायला हवी. झोपवून केलेल्या तपासणीत उलटे वाहणारे रक्त निसटून जाऊ शकते. रक्ततपासण्यांत साखर व एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), चरबीचे प्रमाण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळते), हिमोग्लोबिन, मुंग्या असतील तर बी १२ आणि गरजेनुसार थायरॉइड. सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून काढलेले धमन्यांचे चित्र) ही पहिली तपासणी नव्हे. प्रक्रिया करायचे ठरत असेल तेव्हा ती लागते, आणि तिच्या आधी क्रिएटिनिन पाहिलेच पाहिजे.

टप्पा ५ : रक्त पोचत नसेल तर

क्रम बदलू नका: तंबाखू, औषधे, चालणे, आणि मग गरज उरली तर प्रक्रिया.

*तंबाखू.* ‘कमी केली’ याला इथे फारसा अर्थ नाही. पूर्ण थांबवणे हाच पाय वाचवणारा सर्वांत मोठा एकटा उपाय. तरुण वयात, बहुधा पन्नाशीच्या आत, तंबाखू वापरणाऱ्यांच्या हातापायांच्या बारीक वाहिन्या बंद पाडणारा बर्जरचा आजार तर तंबाखू सुटली नाही तर बोटे घेत जातो. त्या आजारात निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगमही टाळतात. इतरांना सोडण्यासाठी औषधांची मदत मिळते, ती मागून घ्या. इच्छाशक्तीची परीक्षा पाहण्याची ही जागा नाही.

*औषधे.* स्टॅटिन हे चरबी कमी करणारे औषध बहुतेकांना लागते, चरबीचा आकडा ‘नॉर्मल’ असला तरी, कारण ते धमनीतला चरबीचा थर स्थिर ठेवते. एलडीएल, म्हणजे रक्तातली वाईट चरबी, बहुधा ७० च्या खाली आणण्याचे लक्ष्य असते. गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात, ते स्वतःहून सुरू करू नका. रक्तदाब साधारण १३०/८० च्या खाली, एचबीए१सी सातच्या आसपास, पण वय आणि प्रकृतीनुसार डॉक्टर आकडे बदलतात. चालण्याचे अंतर वाढवायला सिलोस्टाझोल देतात. ते जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचे. पोटभर जेवणासोबत घेतले की डोकेदुखी, धडधड वाढते.

> इशारा : हृदय निकामी होण्याचा त्रास कधीही झाला असेल तर सिलोस्टाझोल चालत नाही. दुसऱ्याची चिठ्ठी पाहून ही गोळी आणू नका.

*चालणे.* सर्वांत जास्त चुका इथे होतात. दुखायला लागले की थांबायचे, असे मानून लोक चालणेच सोडतात, किंवा संथ फेरफटका मारून ‘चाललो’ म्हणतात. पद्धत अशी:

१. पाच मिनिटे हळू चाला.
२. मग असा वेग धरा की तीन ते पाच मिनिटांत दुखणे सुरू होईल.
३. दुखणे ० ते ५ मध्ये मोजा. ३ ते ४ झाले की थांबा. ५ पर्यंत जाऊ नका, १ वर थांबूही नका.
४. उभे राहा किंवा बसा, दुखणे पूर्ण जाऊ द्या. अर्धवट गेल्यावर निघालात तर पुढची फेरी तोकडी पडते.
५. पुन्हा चाला. विसावे धरून ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान तीन दिवस.
६. एका दमात आठ-दहा मिनिटे सहज जमू लागले की वेग किंवा चढ वाढवा.

किमान १२ आठवडे चालू ठेवा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फारसा फरक दिसत नाही आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. बंद धमनी चालण्याने उघडत नाही. स्नायू मिळालेला प्राणवायू जास्त चांगला वापरायला शिकतात, आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांची साथ मिळते आणि दुखण्याआधीचे अंतर वाढते. ते दर आठवड्याला वहीत लिहा.

पायाला जखम असेल किंवा झोपेत दुखत असेल तर हा कार्यक्रम सुरू करू नका, आधी रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ गाठा. चालताना छातीत दाटले, चक्कर आली तर तिथेच थांबा. पायाच्या धमन्या अरुंद असणाऱ्यांच्या हृदयाच्या धमन्याही अनेकदा अरुंद असतात, त्यामुळे सुरुवातीआधी हृदयाची तपासणी करून घ्या.

*प्रक्रिया.* फुगा (अरुंद धमनी रुंद करायला), स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) किंवा बायपास (अडथळा टाळून रक्ताला दुसरी वाट) यांची घाई जखम न भरणाऱ्या आणि विश्रांतीतही दुखणाऱ्या पायासाठी असते. फक्त चालताना दुखत असेल तर आधी औषधे आणि व्यायाम यांना पुरेसा अवधी द्यायचा. स्टेंट बसल्यावर गोळ्या आणि चालणे बंद करणे ही महागात पडणारी चूक आहे.

टप्पा ६ : रक्त परतत नसेल तर

हे उपाय धमनी ठीक असल्याची खात्री झाल्यावरच.

*पाय वर.* पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर गेला पाहिजे. समोरच्या स्टुलावर टेकवलेला पाय वर नसतो. उताणे पडून पोटरीखाली उशा रचा, टाच अधांतरी राहू द्या, गुडघा किंचित वाकलेला. १५ ते ३० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा.

*पोटरीचा पंप.* पोटरी आवळली की रक्त वर ढकलले जाते. बसलेल्या जागी चवडा वर-खाली वीस वेळा, दर तासाला. उभे राहून टाचा उचलणे दहा-पंधरा वेळा. एका जागी तासन्‌तास उभे राहावे लागत असेल तर हा व्यायाम मोज्यांइतकाच महत्त्वाचा.

*दाबाचे मोजे.* साधे घट्ट मोजे वेगळे आणि हे वेगळे. यांचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त असतो आणि वर कमी होत जातो. पाकिटावर १५–२०, २०–३०, ३०–४० असे आकडे असतात, ते पाऱ्याचे मिलिमीटर. कोणता घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

> तपासा : घोटा-दंड गुणांक ०.८ च्या खाली असेल तर जोरदार दाबाचे मोजे तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नकोत. ०.५ च्या खाली कोणतेही नकोत. १.४० च्या वरचा आकडा परवानगी समजू नका. हृदय निकामी होऊन दम लागत असताना, किंवा पाय बधिर असताना स्वतःहून घालू नका.

माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्या: घोट्याच्या वर सर्वांत बारीक जागेचा घेर, पोटरीच्या सर्वांत जाड जागेचा घेर आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. बुटाच्या नंबरावरून घेतलेला मोजा बहुधा चुकतो.

घालायचाही क्रम आहे. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घाला. उठून तासभर फिरला असाल तर आधी वीस मिनिटे पाय वर ठेवा. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत सरकवा, टाच नेमकी टाचेवर बसवा, मग उरलेला भाग थोडा थोडा वर न्या. काठ धरून ओढू नका. रबरी हातमोजे घालून तळहाताने सारवत नेले की काम सोपे होते आणि नखाने धागा निघत नाही. काठ गुडघ्याच्या घडीपासून दोन बोटे खाली राहावा. तो दुमडला किंवा गुंडाळला गेला की दाब दुप्पट होतो आणि पायाला फास बसतो. रात्री काढा. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या, दुखू लागले तर लगेच काढा. चार ते सहा महिन्यांत ताण उतरतो. तोवर घालायला सोपा वाटू लागतो, आणि तीच तो बदलायची खूण.

घोट्याजवळची ओली जखम नुसत्या मलमाने क्वचितच भरते. तिला दाबाची पट्टी लागते, आणि ती बांधायला शिकलेल्या माणसानेच बांधायची. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरा. मध्ये उचलून पाहू नका.

टप्पा ७ : बोटे पांढरी पडत असतील तर

वयाच्या १५ ते ३० मध्ये सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा, जखमा न करणारा रेनॉड बहुधा निरुपद्रवी असतो. तिशी-चाळिशीनंतर सुरू झाला, एकाच हातात आहे, बोटांच्या टोकांना जखमा होतात, कातडी घट्ट होते किंवा सांधे दुखतात, तर मागे संधिवाताच्या गटातला आजार असू शकतो. रक्तातल्या एएनएची (शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे) आणि नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांची तपासणी करून घ्या. कंप पावणारी यंत्रे रोज हाताळणाऱ्यांनी कामाचा उल्लेख जरूर करावा.

हातमोजे लागतातच, पण छाती आणि पोट गार पडले तरी बोटांच्या वाहिन्या आवळतात. त्यामुळे आधी धड उबदार ठेवा. हातमोजे थंडीत शिरण्याआधी घाला, बोटे गार झाल्यावर नव्हे. झटका आला तर हात काखेत घ्या किंवा कोमट पाण्यात धरा. कढत पाणी नको, बधिर बोटांना चटका कळत नाही. झटके वारंवार येत असतील तर निफेडिपिनसारखी औषधे देतात. एखादे बोट तासन्‌तास निळे किंवा काळपट राहिले तर टप्पा ० लागू.

टप्पा ८ : पायांची रोजची निगा

धमनीचा आजार किंवा मधुमेह असलेल्या प्रत्येकासाठी, दुखत असो वा नसो. पाय जाण्याची सुरुवात अनेकदा एका फोडाने, नखुर्ड्याने किंवा बुटातल्या खड्याने होते.

रोज रात्री, चांगल्या उजेडात, दोन्ही तळवे आणि बोटांच्या फटी पाहा. नजर कमी असेल तर दुसऱ्याने पाहावे. कोमट पाण्याने धुवा, ३७ अंशांहून गरम नको. पाणी पायाने तपासू नका, कोपराने किंवा थर्मामीटरने तपासा. पाय भिजत ठेवू नका, त्याने कातडी मऊ होऊन फाटते. टिपून कोरडे करा, विशेषतः बोटांमध्ये. टाचेला व तळव्याला मलम लावा, बोटांच्या फटींत लावू नका, तिथे ओल राहून बुरशी होते. नखे सरळ कापा, कोपरे खोदू नका.

कुरूप ब्लेडने कापणे आणि त्यावर आम्लाची पट्टी लावणे, दोन्ही बंद. आम्लाला कुरूप आणि चांगली कातडी यातला फरक कळत नाही. गरम पिशवी, विजेची गादी, शेगडीजवळ पाय धरणे हेही बंद. पाय गार असेल तर सैल लोकरी मोजे घाला.

बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा जरा फुगलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढल्यावर लाल डाग पाहा. घालण्याआधी दर वेळी हात आत घालून चाचपा. अनवाणी चालू नका, घरातसुद्धा.

> तपासा : जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. ‘दुखत नाही’ हे थांबण्याचे कारण नव्हे. कोरडे काळे पडलेले बोट भिजवू नका, त्यावर मलम थापू नका.

टप्पा ९ : पुन्हा कधी दाखवायचे

चालण्याचा कार्यक्रम सुरू केल्यावर तीन महिन्यांनी वही घेऊन जा: दुखण्याआधीचे अंतर, घोट्यांचे घेर, औषधांचे दुष्परिणाम. मधुमेहींनी वर्षातून निदान एकदा १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने तळव्याची संवेदना आणि नाड्या तपासून घ्याव्यात. पूर्वी जखम झालेल्यांनी एक ते तीन महिन्यांनी.

मधल्या काळात हे बदल दिसले तर तारखेची वाट पाहू नका: दुखण्याआधीचे अंतर काही दिवसांत निम्म्यावर आले, रात्री पाय लोंबकळत सोडून बसावे लागू लागले, दोन आठवड्यांत जखम लहान झाली नाही, किंवा नेहमी दुखणारा पाय अचानक दुखायचा थांबला पण गार व बधिर आहे. या शेवटच्या पायाला आराम पडलेला नसतो. त्याच तासाला निघा.